विसावलेली बाई

४ मार्च, सोमवार

मला झोपून राहायची नोकरी लागली आहे! हे ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की भाऊजी आतून धावत आले. हसणारच. लहानपणापासून घरात मला सगळे भिंगरी म्हणतात. मी जेवताना दोनदा उठते, सिनेमा अर्धा उभ्याने बघते, आणि शाळेत बाईंनी मला बाकाला बांधून ठेवायची धमकी दिली होती. भाऊजींनी तर पैजच लावली, की ही आठ दिवसांच्या वर टिकत नाही. मीही म्हटलं, बघाच.

कपडे घड्या करून खोक्यात भरायचं आमचं युनिट बंद झालं, तेव्हा शेजारच्या दुकानातल्या फ्रेमवाल्या काकांनी हे काम सुचवलं. एका म्हाताऱ्या चित्रकाराला चित्रासाठी बाई हवी होती. सहा आठवडे, राहून खाऊन. अंगभर कपडे घालून कोचावर आडवं व्हायचं, बस. मी काकांना तीनतीनदा खोदून विचारलं. ते म्हणाले, तीस वर्षं त्यांच्या चित्रांना फ्रेमा करतोय, माणूस देवासारखा आहे. बबडीला ताईकडे ठेवलं. ती पाच वर्षांची आहे आणि तिचे बाबा गेल्यापासून माझ्याशिवाय एक दिवस राहिली नाही. सहा आठवडे म्हणजे किती, हे तिला बोटांवर दाखवलं. तिने सहा बोटं मुठीत घट्ट धरली आणि रडली नाही. रडले मी, बसमध्ये.

घर छान आहे. खाली स्वयंपाकघर, जेवणाची खोली आणि माझी खोली. वर एकच मोठी खोली, चित्रांची. चित्रकार साठीच्या पुढचे, काटकुळे. त्यांना ब्रशच्या मागच्या टोकाने कान खाजवायची सवय आहे, त्यामुळे कान कायम रंगीत. घर सांभाळतात त्यांच्या बहीण. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, मीही तेच म्हणणार. गोल गुटगुटीत, हसऱ्या. मला भांड्याला हात लावू दिला नाही. म्हणाल्या, तू इथे विश्रांती घ्यायला आली आहेस. गंमतच आहे.

ही वही एवढ्यासाठी आणली, की मधल्या सुट्टीत हाताला काहीतरी चाळा हवा.

५ मार्च, मंगळवार

आज पहिला दिवस. चित्र पाहिलं आणि जरा चमकले. वरचीच खोली त्यात काढली आहे: खिडकी, तिपाई, तिपाईवर कप, भिंतीला टेकलेला हिरवा कोच. सगळं पुरं झालेलं, अगदी कपाचा उडालेला टवकासुद्धा. फक्त कोच रिकामा. चार महिने तो तसाच रिकामा आहे म्हणे.

काम असं: वीस मिनिटं पडून राहायचं, पाच मिनिटं सुट्टी. स्वयंपाकघरातलं टिकटिक घड्याळ लावतात, ते किणकिणलं की उठायचं. उठण्याआधी चित्रकार खडूने कोचावर खुणा करतात: डोकं इथे, कोपर इथे, टाचा इथे. परत आलं की खुणांत जाऊन पडायचं. एका कुशीवर, डावा हात पोटावर, उजवा मोकळा, डोळे खिडकीकडे.

वीस मिनिटं म्हणजे काय असतं ते मला आज कळलं. नाक खाजतं, पाय वळवळतो, अचानक बाहेरची कुठली तरी बादली भरून वाहत असेल असं वाटायला लागतं. उजव्या पायाचा अंगठा तर माझ्या बापाचंही ऐकत नाही. चित्रकार रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं, की आपल्या आईला त्यांनी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. ती गेलीसुद्धा चुलीपुढे उभ्या उभ्या. आयुष्यभर त्यांनी राबणाऱ्या बायकाच काढल्या. आता एक तरी बाई खरोखर विसावलेली काढायची आहे. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. मनात म्हटलं, या माणसासाठी पडू की गुमान.

९ मार्च, शनिवार

मी आता कोचावर आहे! आधी तपकिरी रेघांत होते, आज रंग चढला. आहे तशी काढतात ते. दंडावरचा लसीचा वण, नाकाचा शेंडा, सगळं. एकच गोष्ट वगळली. युनिटमध्ये इस्त्रीने भाजल्याचा मोठा डाग आहे माझ्या डाव्या मनगटावर. तो चित्रात काढून झाल्यावर ते मागे सरकून बघत राहिले, आणि मग म्हणाले, की नजर तिथेच जाते, बाई कामावरून आल्यासारखी दिसते. डाग पुसून त्यावर साधा कातडीचा रंग दिला. मी म्हटलं, खरा डाग पण असा गेला असता तर काय पाहिजे होतं.

जेवायला मोठ्या बाईंनी दोनदा आग्रह केला. त्या वाढतात तेव्हा एक गोष्ट लक्षात आली: उजवीकडच्या माणसाला वाढायचं असलं, की त्या पूर्ण अंगानेच वळतात. मान अवघडली असेल.

११ मार्च, सोमवार

डाग गेला.

काल आंघोळ करताना पाहिलं. मनगट लोण्यासारखं. सात वर्षांचा डाग, मलमांना दाद न देणारा. ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, तिथलं पाणी मानवलं असेल, येताना बाटली भरून आण. चित्रकारांना दाखवलं, त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, डाग होता का? विसरूनच गेले होते. मला हसू आलं. खरं सांगायचं तर थोडं विचित्र वाटलं, पण चांगल्या गोष्टीची कुणी तक्रार करतं का?

१३ मार्च, बुधवार

आठ दिवस झाले, भाऊजींची जिरवली!

काल मात्र चित्रकार वैतागले होते. माझ्यावर नाही, उजव्या पायावर. तो बघावा तेव्हा उठायच्या बेतात दिसतो म्हणाले. खरडून काढला आणि पुन्हा रंगवला, सैल, बाजूला पडलेला. माझा पाय तसा नव्हता. मी तो तसा ठेवून पाहिला, पण अंगठा नाचतोच.

आज नाचला नाही. सकाळपासून पायाला मुंग्या आल्यासारखं होतंय. चिमटा काढला तर कळतं, पण लांबून कळल्यासारखं. मोठ्या बाईंनी तेल चोळलं आणि म्हणाल्या, बरं आहे की, स्वस्थ राहिला. चित्रकार खूश. दिवसभर चांगलं काम झालं. मला संध्याकाळी फिरायला जायचं होतं, नाही गेले.

खरं तर जावंसं वाटलं नाही. मला! ताईला हे सांगितलं असतं तर तिने डॉक्टरच आणला असता.

१६ मार्च, शनिवार

अक्षर वाईट आहे कारण डाव्या हाताने लिहितेय.

परवा त्यांना उजवा हात खटकला. बोटं काहीतरी शोधतायत म्हणाले. होतंच तसं, मी कोचाच्या शिवणीतला दोरा ओढत होते. त्यांनी हात खरडला आणि गालाखाली काढला, अर्धवट मिटलेला. मी मुळी तशी झोपलेच नव्हते. मला उठायला सांगून त्यांनी मनाने काढला.

काल सकाळी चहाचा कप हातातून गळून फुटला. हात दुखत नाही. गार नाही, सुजलेला नाही. बोटं मिटलेली, तळवा थोडा उघडा, आणि कोपरातून वाकलेला. सरळ केला तर सरळ होतो, सोडला की परत जातो. गालाकडे.

मी बसून एक एक गोष्ट आठवली. नाक आहे तसं काढलं, नाकाला काही झालं नाही. दंड आहे तसा काढला, काही नाही. जे होतं ते काढलं तेव्हा काही नाही. जे नव्हतं ते काढलं, की —

वेडी आहेस, भिंगरे. रिकामं डोकं.

१८ मार्च, सोमवार

चित्रकारांना सांगितलं. सगळं. डाग, पाय, हात.

हसले नाहीत. फार हळवे झाले. म्हणाले, चूक माझी, तुला एकसारखं पडून ठेवतो, नस आखडली असेल. दोन दिवस सुट्टी दिली. डॉक्टरांना बोलवायचं कबूल केलं. त्यांना खरंच काही माहीत नाही, मी शपथेवर सांगेन. त्यांच्या तोंडावर नुसती काळजी होती.

फ्रेमवाल्या काकांना फोन करून परत यायचं सांगावं का? पैज जिंकलेली आहेच. पण अर्ध्यातून उठले, तर ताई जन्मभर ऐकवेल, की हिला पडून राहायचं कामसुद्धा जमलं नाही. पाच दिवस बघते. सुट्टीत हात येईल ताळ्यावर.

१९ मार्च, मंगळवार

सुट्टी मला होती. त्यांना नव्हती.

काल दुपारी त्यांनी चित्रातल्या पायांवर पांघरूण रंगवलं. पाय काही केल्या जमेनात म्हणून. त्यांनीच जेवताना सांगितलं, आनंदाने: जे जमत नाही ते झाकून टाकावं, सगळे चित्रकार हेच करतात, आणि पांघरूण रंगवायला माणूस समोर लागत नाही.

सकाळी उठायला गेले आणि पलंगावरून खाली पडले. दोन्ही पाय. कमरेखाली जाड, ऊबदार, जड. वर काहीच नाही, आणि तरी कुणीतरी लोकरीचं काहीतरी घट्ट खोचून दिल्यासारखं.

मोठ्या बाईंनी उचलून खुर्चीत बसवलं, जेवणाच्या खोलीत. मी डॉक्टर कधी येणार विचारत रडत होते. त्या केस विंचरत होत्या. समोरच्या भिंतीवर चित्र होतं, पंधरा दिवस रोज बघतेय. त्यात एक तरुण मुलगी मान डावीकडे वळवून खिडकीबाहेर बघतेय. गालावर खळी. मोठ्या बाईंची खळी.

मी त्यांना उजवीकडे बघायला सांगितलं. त्या पूर्ण वळल्या. अंगाने.

मग शांतपणे सांगितलं. तेविसाव्या वर्षी भावाने त्यांचं हे चित्र काढलं. तेव्हा त्या सारख्या दाराकडे बघायच्या, कुणाची तरी वाट बघत. दार उजवीकडे होतं. भावाला ते बघवेना, म्हणून त्याने मान खिडकीकडे वळवून काढली. तेव्हापासून दाराकडे बघावंसं वाटलं नाही. दुखत नाही. उलट बरं आहे. त्याला सांगायचं नाही हं, म्हणाल्या. तो मनाला लावून घेईल, ब्रशला हात लावणार नाही.

केस छान विंचरले त्यांनी.

२१ मार्च, गुरुवार

दुपारी ते झोपतात. दोन ते तीन. मोठ्या बाई बाजारात.

जिना मी बसून चढले. पाठमोरी. डावा हात टेकायचा, अंग वर ओढायचं, पाय मागून येतात. एकोणीस पायऱ्या. घाम निथळत होता, पण मजा सांगू? बऱ्याच दिवसांनी मी हलत होते. रडत होते आणि हलत होते.

टर्पेंटाइनची बाटली, चिंधी. पांघरूण तीन दिवसांचं, रंग ओला. पुसलं. लगेच निघालं. खालचे पाय वरून वाळलेले, आधीचे, माझे. डावा पाय निघाला आणि त्याच क्षणी — जळजळ, मुंग्या, सगळं एकदम. मी ओरडू नये म्हणून पदर तोंडात कोंबला. डाव्या पायाची बोटं हलली!

मग उजवा. घाई झाली. जास्त घासलं. तो पाय त्यांनी दोनदा काढलेला, रंग जाड, आतला नीट वाळलेला नाही. दोन बोटं फरफटली.

हातावर घासलं, तो निघेना. पक्का झालाय. खाली दाराचा आवाज आला.

उतरले चालत. लंगडत, पण चालत. उजव्या पायात मोजा घातलाय. मोज्याच्या आत काय आहे ते बघितलेलं नाही. बघणार नाही.

२२ मार्च, शुक्रवार

त्यांना वाटलं, त्यांचीच बाही लागली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मला कोचावर बसवून मऊ आवाजात विचारलं, की या बाईत काय अजून विसावत नाही? तूच सांग, तू आतून ओळखतेस.

मी लगेच बोलले. पाय छान आहेत. पायांना हात लावू नका. पांघरूण नकोच, उकडेल तिला. पाय, हात सगळं झोपलंय, मग राहिलं काय — तोंडच ना. तोंडावर काहीतरी असेल.

मला वाटलं, किती हुशार मी. पायांवरून नजर काढली त्यांची. इथून निघेपर्यंत पाय माझे राहिले, की झालं.

ते चित्राकडे बघत राहिले. पुष्कळ वेळ. मग कान खाजवला, लहान मुलासारखे हसले. म्हणाले, डोळे! उघड्या डोळ्यांनी बाई विसावेल कशी, ती छतावरची जळमटं मोजत असणार. एवढी साधी गोष्ट. माझे हात धरले, धन्यवाद म्हणाले.

मीच सांगितलं. माझ्या तोंडाने.

ताईला फोन केला. आवाजावरून घाबरली ती. परवा, रविवारी अकराच्या बसने येतेय. बबडीला घेऊन. मी त्यांच्याबरोबर जाणार. सहा आठवडे गेले खड्ड्यात, पैज गेली खड्ड्यात.

२३ मार्च, शनिवार

आज त्यांनी काम केलं नाही. पापणीचा रंग बनवतायत. पातळ हवा, म्हणाले. थरावर थर.

वरच्या खोलीला कुलूप. मोठ्या बाईंच्या कमरेला किल्ली. बाही परत लागू नये म्हणून. मी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी हिसकायला गेले, एका हाताने काय होतंय.

आज निघून जावं? बस उद्याच. चालत जावं? या पायाने फाटकापर्यंत जाऊन बसले, परत आले. तीनदा. पाय वळवळतोय डावा. वळवळू दे. किती छान वळवळतोय.

बॅग भरली. बबडीचा फोटो बॅगेत टाकला, काढला, परत टाकला, काढला. बघून घेते.

२४ मार्च, रविवार

साडेदहा. बाहेरच्या पायरीवर. बॅग शेजारी.

मोठ्या बाई सांगून गेल्या, तो पहाटेपासून वर आहे. मिटलेले डोळे काढायला बाई समोर लागत नाही. नाचतोय नुसता आनंदाने.

जिना चढले. एकोणीस पायऱ्या, लंगडत. दाराला आतून कडी. हाका मारल्या. नका, म्हटलं. ओरडले. पाया पडते म्हटलं. त्यांनी आतून किती मायेने उत्तर दिलं — झालंच पोरी, पाचच मिनिटं, तू जरा पड.

परत बाहेर आले. दारावर डोकं आपटण्यात वेळ घालवायचा नाही. बस यायची आहे. बबडीला बघायचंय. डोळे आहेत तोवर रस्त्याकडे बघायचं.

पावणेअकरा. उजवा डोळा जड. बोटाने वर धरलाय तर लिहिता येत नाही. सोडला. मिटला. उघडत

नाही. एकच. एक पुरे. एका डोळ्याने दिसतं सगळं. रस्ता, फाटक, विजेचा खांब, खांबापाशी सायकल. मोजतेय. मोजत राहिलं की उघडा राहतो —

बरं वाटतंय. हीच भीती आहे. इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. आई गं. झोप नको. भिंगरे, ऊठ. हल. पाय हलव, हलतोय, पाय हलतोय

बस. बस आली. वळणावर. दारातून ताई उतरली, हात वर केला तिने. मागून छोटं काहीतरी — ताईच्या आड — बाजूला हो ना ताई, बाजूला

पापणी खाली येतेय. ओली आहे. रंगाचा वास

आई म्हणून हाक मारली. पळत येतेय. पावलं ऐकू येतात. फाटक वाजलं. केस कापलेत वाटतं तिचे, की बांधलेत, मला नीट